पाण्यातून काढलेला किलो : ऊर्जामंत्र्यांना एका अमोनियावाल्याचं खुलं पत्र

मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई यांस
प्रत : मा. महासंचालक, महाऊर्जा (राज्याची अक्षय ऊर्जेची संस्था), पुणे

विषय : हरित हायड्रोजन प्रकल्पांना मंजुरी देण्याआधी विचारायच्या गोष्टी

महोदय,

स. न. वि. वि.

माझी सासुरवाडी लातूर जिल्ह्यातली. गेल्या महिन्यात मेहुण्याचा फोन आला. गावात दोन माणसं येऊन गेली होती, पांढऱ्या गाडीतून, नकाशा घेऊन. माळावरची जमीन सलग मिळाली तर तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने हवी होती. सोलर लावणार, त्या विजेवर हायड्रोजन करणार. मेहुण्याने मला विचारलं, "दाजी, तुम्ही तसल्याच कारखान्यात होता ना? हे खरंय का?"

मी म्हटलं, जरा थांब, सही करू नको. आणि मग हे पत्र लिहायला बसलो, कारण त्याला द्यायचं उत्तर माझ्याकडे नाही, ते तुमच्या खात्याकडे आहे.

थोडं माझ्याबद्दल सांगतो. समुद्राकाठच्या एका खत कारखान्यात मी एकतीस वर्षं काढली, सगळी अमोनिया प्लांटमध्ये. आधी फील्ड ऑपरेटर, मग पॅनलवर, शेवटी शिफ्ट इनचार्ज. लोकांना वाटतं आम्ही युरिया करायचो. युरिया पलीकडच्या इमारतीत व्हायचा. आमचं चोवीस तासांचं काम म्हणजे हायड्रोजन करणं. नैसर्गिक वायू आणि वाफ आठशे अंशांच्या रिफॉर्मरमधून न्यायची, निकेलच्या कॅटॅलिस्टवर तो फोडायचा, त्यातला कार्बन डायऑक्साइड धुऊन काढायचा, उरलेल्या हायड्रोजनची हवेतल्या नायट्रोजनशी गाठ घालून अमोनिया करायचा. त्यामुळे हायड्रोजनला 'उद्याचं इंधन' म्हटलेलं ऐकलं की मला गंमत वाटते. देशात आजही वर्षाला सुमारे ६० लाख टन हायड्रोजन तयार होतो आणि वापरला जातो. बहुतेक सगळा खतात आणि तेलशुद्धीकरणात. तो पंपावर दिसत नाही एवढंच. एप्रिल २०२० पासून बीएस-६ पेट्रोल-डिझेल आलं, त्यातलं गंधक ५० वरून १० पीपीएमवर (दहा लाख भागांत दहा भाग) आलं, ते हायड्रोजननेच काढलेलं आहे. तुमच्या गाडीतल्या प्रत्येक लिटरमागे थोडा हायड्रोजन खर्ची पडलेला असतो.

अडचण इतकीच की आम्ही एक किलो हायड्रोजन केला की नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड व्हायचा. पाण्यातून विजेने हायड्रोजन काढला, आणि ती वीज ऊन-वाऱ्याची असली, तर ही घाण टळते. हाच हरित हायड्रोजन. ही गोष्ट खरी आहे, मोठी आहे, आणि मी तिच्या बाजूचा आहे. ज्याच्यावर एकतीस वर्षं घर चाललं त्याच्या विरोधात मी कशाला जाऊ? शिवाय देशाला लागणाऱ्या नैसर्गिक वायूपैकी जवळपास निम्मा बाहेरून येतो. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं आणि त्या गॅसच्या किमती कुठे गेल्या, ते खतखात्यातल्या कुणालाही विचारा.

पण हायड्रोजन कोळशासारखा खणून काढायचा पदार्थ नाही. तो करावा लागतो. त्यामुळे 'किती करणार' याच्या आधीचा प्रश्न 'कशापासून करणार आणि कशासाठी करणार' हा आहे. जाहिरातींमध्ये आणि करारांच्या फोटोंमध्ये मला फक्त 'किती' दिसतं.

आधी विजेचं बोलू.

पाणी फोडून एक किलो हायड्रोजन काढायला, यंत्र अगदी बिनचूक असलं तरी, ३९ युनिटपेक्षा कमी वीज लागत नाही. हा निसर्गाचा दर आहे, त्यात घासाघीस नाही. प्रत्यक्षात ५० ते ५५ लागतात. मी ५२ धरतो. जुलै २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने राज्याचं हरित हायड्रोजन धोरण मंजूर केलं, त्याला ८,५६२ कोटींची तरतूद केली आणि २०३० पर्यंत वर्षाला ५ लाख टनांचं लक्ष्य ठेवलं. ५ लाख टन म्हणजे ५० कोटी किलो. गुणिले ५२ म्हणजे २,६०० कोटी युनिट. आज राज्याला वर्षभरात जेवढी वीज लागते तिचा हा साधारण आठवा हिस्सा झाला. ही सगळी सौर वीज धरली तर तेरा-चौदा हजार मेगावॅटची पॅनेल लागतील. मेगावॅटला चार एकर धरले तरी पन्नास हजार एकरांच्या वर जमीन. पांढरी गाडी मेहुण्याच्या माळावर का आली, ते या गुणाकारात आहे.

आता ही ५२ युनिट दुसरीकडे कुठे गेली असती ते पाहा. तीच सौर वीज ग्रिडमध्ये कोळशाच्या जागी घातली, तर चाळीस किलोपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड टळतो. हायड्रोजन करून गॅसच्या हायड्रोजनच्या जागी घातली, तर नऊ-दहा किलो टळतो. म्हणजे हवामानाच्या नजरेने पाहिलं तर ज्या राज्याची वीज अजून मुख्यतः कोळशावर आहे तिथे सौर विजेवर पहिला हक्क घराचा, पंपाचा आणि कारखान्याच्या मोटरचा आहे. तुमच्याच खात्याची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी म्हणून जमीन भाड्याने घेते, हेक्टरी वर्षाला सव्वा लाख देते. एकाच माळावर दोन योजना समोरासमोर येणार असतील तर कुणाला आधी, हे शासनाने ठरवायला हवं. एजंटाने नव्हे.

हायड्रोजनच्या वाट्याला न्यायाने येते ती भरदुपारची वीज, जिला ग्रिडवर गिऱ्हाईक नसतं. अशी दुपार वाढत जाणार आहे, हेही मान्य. पण इलेक्ट्रोलायझर, म्हणजे विजेने पाणी फोडणारं यंत्र, महाग आहे. दिवसातून पाच-सहा तास चालवून त्याचं व्याज निघत नाही, म्हणून मालक ते रात्रीही चालवायला बघतो. मग 'बँकिंग' येतं. दुपारी ग्रिडला वीज दिली, रात्री तेवढीच परत घेतली, वहीत हिशेब जुळला. वहीत जुळला खरा, पण रात्री दोन वाजता त्या यंत्रात जाणारा इलेक्ट्रॉन चंद्रपूरच्या कोळशातून आलेला असतो. ग्रिडच्या सरासरी विजेवर, म्हणजे युनिटला सुमारे ०.७ किलो धरून, एक किलो हायड्रोजन केला तर छत्तीस किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड होतो. आमचा जुना धूर सोडणारा रिफॉर्मर त्याच्या चौथाई-तिसाई हिश्श्यात काम करायचा. असल्या हायड्रोजनला हिरवा म्हणायचं असेल तर मग आम्ही काय पाप केलं होतं?

केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये हरित हायड्रोजनची व्याख्या केली : किलोमागे २ किलोपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड नको, पण बारा महिन्यांच्या सरासरीने. युरोपीय संघ त्याच्याकडे येणाऱ्या मालासाठी २०३० पासून तासातासाचा हिशेब मागणार आहे, ज्या तासाला हायड्रोजन केला त्याच तासाची अक्षय वीज दाखवा म्हणून. ज्यांना निर्यातीची स्वप्नं पडतायत त्यांना हा हिशेब ठेवावाच लागेल. मग तो आजपासूनच का मागू नये?

इथे एक जुनी गोष्ट आठवते. पाण्यापासून हायड्रोजन, त्याचा अमोनिया, हे सगळं अगदी नवं असल्यासारखं सांगितलं जातं. पंजाबात नांगलला १९६१ मध्ये सुरू झालेला खत कारखाना भाक्रा धरणाच्या विजेवर हेच करत होता. देशातला पहिला जडपाणी (अणुभट्टीत लागणारं पाणी) प्रकल्प १९६२ मध्ये त्याच्याच शेजारी उभा राहिला, कारण पाणी फोडता फोडता जडपाणी मागे साचत जातं. म्हणजे आज ज्याला हरित अमोनिया म्हणतात तो आपण साठ वर्षांपूर्वी गोण्यांत भरून विकला, नाव तेवढं दिलं नव्हतं. पुढे विजेची गरज चहूकडून वाढली, तिला दुसरीकडे जास्त मोल आलं, आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तिथे फर्नेस ऑइलवर चालणारा प्लांट आला. तंत्र हरलं नव्हतं, विजेने घर बदललं होतं. अमोनियाच्या धंद्यातली जुनी माणसं ही गोष्ट एकमेकांना सांगतात. मंत्रालयात कुणी सांगतं का, कल्पना नाही.

आता पाणी. याबाबत मी दोन्ही बाजूंना थोडा नाराज करणार आहे.

एका किलोला रासायनिक हिशेबाने ९ लिटर पाणी लागतं. पण नळाचं चालत नाही. आधी आरओ, मग उरलेसुरले क्षार काढणारा डीएम प्लांट, त्यात वाया जाणारं पाणी, वर कूलिंग टॉवर. सगळं धरून २० ते ३० लिटर. २५ धरा. ५ लाख टनांना १,२५० कोटी लिटर, म्हणजे अर्ध्या टीएमसीपेक्षाही कमी. उजनी आणि कोयना शंभर टीएमसीच्या वरची धरणं आहेत. तेव्हा 'हायड्रोजन महाराष्ट्राचं पाणी पिऊन टाकेल' हे म्हणणं खरं नाही. ऊस ऐकत असेल तर हसेल.

पण पाणी राज्याच्या सरासरीतून येत नाही, ते कुठल्यातरी एका तळ्यातून येतं. मेहुण्याच्या तालुक्यात वर्षाला २० हजार टनांचा प्रकल्प आला, तर त्याला रोज चौदा लाख लिटर लागेल. दहा हजार लिटरचे एकशे चाळीस टँकर, रोज, उन्हाळ्यातही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली तेव्हा पहिल्या खेपेला तिने पाच लाख लिटर आणलं होतं. आख्खा देश ती गाडी टीव्हीवर बघत होता. माझी सासू घागर घेऊन रांगेत होती, ती मात्र टीव्हीत दिसली नाही. त्या पहिल्या गाडीसारख्या जवळजवळ तीन गाड्या या एका कारखान्याला रोज लागतील. म्हणून माझं म्हणणं, ऊन मराठवाड्यातलं घ्या, वीज तारेने आणा, आणि पाणी फोडायचं काम समुद्रकाठी करा. समुद्राचं हजार लिटर पाणी गोडं करायला तीन-चार युनिट लागतात. किलोमागच्या २५ लिटरला ०.१ युनिट. जिथे ५२ जातायत तिथे हा ०.१ कुणी मोजत बसत नाही. हां, उरलेलं खारं पाणी खाडीत कुठे सोडायचं, हे ठरवताना कोळीवाड्याला बोलवा. आमच्या कारखान्याने बोलावलं नव्हतं, आणि पुढची पंधरा वर्षं दर पावसाळ्यात गेटवर मोर्चा यायचा.

वीज आणि पाणी झालं. खरा मुद्दा गिऱ्हाइकाचा आहे.

तुमच्या धोरणात तीन सवलती अशा आहेत ज्या वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. हरित हायड्रोजन पाइपच्या गॅसमध्ये मिसळला तर पाच वर्षं किलोमागे ५० रुपये. पहिल्या २० हायड्रोजन पंपांना भांडवलाच्या ३० टक्के, साडेचार कोटींपर्यंत. पहिल्या ५०० फ्युएल सेल (गाडीतच हायड्रोजनची वीज करणारं यंत्र) प्रवासी वाहनांना ३० टक्के, वाहनामागे ६० लाखांपर्यंत.

गॅसमध्ये मिसळण्याचं बघा. हायड्रोजन वजनाला जोरदार आहे, पण आकारमानाला फुसका. नैसर्गिक वायूच्या तुलनेत तेवढ्याच जागेत जेमतेम तिसऱ्या हिश्श्याची उष्णता. पाइपमध्ये २० टक्के हायड्रोजन घातला तरी गॅसची बचत सातेक टक्केच. त्यासाठी जुन्या पोलादी नळ्यांना त्याची झळ सोसावी लागणार, कारण हा वायू पोलादाच्या आत शिरतो आणि त्याला ठिसूळ करतो. आम्ही दर शटडाउनला नळ्यांची तपासणी करायचो ती याच धास्तीने. बावन्न युनिट घालून केलेली सर्वांत महागडी गोष्ट कुणाच्यातरी शेगडीवर चहाखाली जाळायची आणि वर ५० रुपये द्यायचे! इंडक्शन शेगडी द्या, स्वस्त पडेल.

बसचं बोललो की पुण्यातले माझे मित्र रागावतात. ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात सीएसआयआर ही सरकारी संशोधन संस्था आणि केपीआयटी कंपनी यांनी केलेली हायड्रोजन बस रस्त्यावर आली, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या (एनसीएल) शास्त्रज्ञांचं काम त्यात आहे, आणि ते अभिमानाचंच आहे. फ्युएल सेल आपल्याला यायलाच हवा. पण हिशेब असा. ५२ युनिटचा किलो, त्यात कामाची ऊर्जा ३३ युनिट. फ्युएल सेलमध्ये निम्मी उष्णतेत जाते. चाकापर्यंत सोळा-सतरा, दाबून भरायचा खर्च वेगळा. तीच ५२ युनिट बॅटरीत भरली तर चाकावर चाळीसच्या आसपास पोहोचतात. एसटीची बॅटरीवरची शिवाई जून २०२२ पासून पुणे-नगर रस्त्यावर धावतेय, ई-शिवनेरी घाटातून चढतेय. जर्मनीत लोअर सॅक्सनीने ऑगस्ट २०२२ मध्ये एक आख्खा रेल्वेमार्ग हायड्रोजनवर नेला, जगभर कौतुक झालं, आणि वर्षभरात त्याच राज्याने सांगितलं की पुढच्या गाड्या बॅटरीच्या घेणार. शेल या तेल कंपनीने कॅलिफोर्नियातले मोटारींचे हायड्रोजन पंप फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद केले. दुसऱ्यांना लागलेल्या ठेचेची फी आपण पुन्हा कशाला भरायची?

त्या पंपावर हायड्रोजन पोचवायचा कसा, हाही प्रश्नच आहे. २०० बार दाबाच्या नळकांड्यांचा आख्खा ट्रेलर जातो, आणि त्यात हायड्रोजन असतो तीन-चारशे किलो. लोखंडच वाहून नेणं ते. द्रव करायचा तर उणे २५३ अंश, आणि त्यातच किलोमागे दहाच्या वर युनिट खलास.

याउलट रिफायनरीत, खत कारखान्यात, स्पंज आयर्नच्या भट्टीत हायड्रोजनला पर्याय नाही किंवा फार थोडे आहेत. तिथे नळ्या आहेत, कॉम्प्रेसर आहेत, त्याला हाताळणारी माणसं आहेत, आणि आजच त्याची रोजची भूक आहे. मुंबईत माहुलच्या रिफायनऱ्या आहेत. रायगडात डोलवीत गॅसवर लोखंड करतात. आधी इथे द्या. आधी पोटोबा मग विठोबा. निर्यातीच्या जहाजाचं नंतर पाहू.

खतातसुद्धा एक मेख आहे, ती मंत्रालयात बसून दिसत नाही. युरियाला अमोनिया लागतो तसा कार्बन डायऑक्साइडही लागतो. ४५ किलोच्या एका गोणीत सुमारे साडेपंचवीस किलो अमोनिया आणि तेहेतीस किलो कार्बन डायऑक्साइड जातो (पाणी बाहेर पडतं म्हणून बेरीज जास्त दिसते). आम्हाला तो फुकट मिळायचा, गॅस फोडताना व्हायचाच. पाण्यापासून हायड्रोजन केला की कार्बन डायऑक्साइड गायब. मग युरिया कशाचा करणार? दुसऱ्याच्या धुराड्यातून आणायचा, तर त्याचा खर्च वेगळा. शिवाय एका गोणीत साडेचार किलो हायड्रोजन असतो. पानिपत रिफायनरीसाठी हरित हायड्रोजनचा जो भाव निविदेत ठरला तो किलोला ३९७ रुपये. म्हणजे गोणीमागे नुसत्या हायड्रोजनचे सतराशे ऐंशीच्या वर, आणि शेतकरी गोणी घेतो २६६ रुपये ५० पैशांना. मधलं अंतर कोण भरणार?

म्हणून सुरुवात युरियाने करायची नाही. डीएपी, दहा-सव्वीस-सव्वीस, पंधरा-पंधरा-पंधरा या खतांना अमोनिया लागतो, कार्बन डायऑक्साइड लागत नाही, आणि त्यांचे कारखाने बराचसा अमोनिया जहाजाने आणतात. केंद्राने बरोबर तिथेच बोट ठेवलंय. २०२५ मध्ये पारादीपच्या खत कारखान्यासाठी हरित अमोनियाचा भाव किलोला ५५ रुपये ७५ पैशांवर आला. आयात अमोनियापेक्षा जास्त, पण ऐकून हातपाय गळावेत असा नाही. ही बातमी वाचली तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं, अरे, हे जमेल. राज्याचे ५० रुपये शेगडीऐवजी या अमोनियामागे लावा.

आता एक प्रसंग सांगतो, कारण पंप उभारायला निघालेल्यांनी तो ऐकायला हवा.

१९९३ चा मे महिना, दुसरी पाळी, दुपारचे तीन. मी कॉम्प्रेसर हाउसच्या मागच्या बाजूला राउंडला होतो. शिट्टीसारखा बारीक आवाज येत होता. गळती आहे हे कळलं, पण कुठे ते कळेना. वास नाही, धूर नाही, ऊन मी म्हणतंय. मी आवाजाच्या दिशेने निघालो तेवढ्यात मागून आमच्या सिनियर ऑपरेटरने, सगळे त्यांना मामा म्हणायचे, माझी कॉलर धरून मागे ओढलं. काही बोलले नाहीत. कोपऱ्यातला खराटा उचलला, माडाच्या हिरांचा, झाडूवाल्या बाईंचा. तो हात लांब करून समोर धरला आणि एकेक पाऊल टाकत पुढे गेले. चौथ्या पावलाला खराट्याचं टोक भडकलं. हवेत. समोर काहीच नव्हतं, आणि हीर भराभर जळत होते. फ्लँजमधून, म्हणजे नळीच्या जोडातून, हातभर लांब ज्योत बाहेर येत होती आणि उन्हात ती दिसतच नव्हती. मी आणखी दोन पावलं गेलो असतो तर तोंड तिच्यात घातलं असतं.

मला ती विझवायची घाई झाली. मामा म्हणाले, "विझवू नको. जळतीय तोवर बरीय." ज्योत विझली आणि गळती चालू राहिली की वायू साठतो. हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कितीही प्रमाणात असला तरी पेट घेतो, आणि पेटायला एवढीशी ठिणगी पुरते, कपड्यावरच्या स्थिर विजेचीसुद्धा. म्हणून आधी आजूबाजूला वाफेच्या होजने पडदा धरला, पॅनलवाल्याने दाब उतरवला, नायट्रोजन सोडला, मग ती आपोआप गेली. गॅस डिटेक्टरची मागणी दोन वर्षं स्टोअरकडे पडून होती. दुसऱ्या दिवशी मात्र एक नवा खराटा तातडीने मंजूर झाला.

नॉर्वेत सांदविका इथे जून २०१९ मध्ये हायड्रोजनचा पंप फुटला. तिथली माणसं निष्काळजी नव्हती. या वायूला सुरक्षित हाताळता येतं, आम्ही हाताळलाच की, पण शिकलेल्या माणसांनी, कुंपणाच्या आत. तुमच्या धोरणात पंपांना पैसे आहेत. पंपावर उभं राहणाऱ्या पोराला कोण शिकवणार? स्फोटक पदार्थांची सुरक्षा बघणाऱ्या पेसोचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. रायगड, रत्नागिरी, चंद्रपूरच्या आयटीआयमध्ये उच्च दाबाच्या वायूचा एक वर्षाचा कोर्स सुरू करा, पेसोला तपासू द्या, आणि निवृत्त अमोनियावाल्यांना शिकवायला बोलवा. आम्ही बरेच जण अजून हयात आहोत आणि घरात बसून बायकांना त्रास देतोय.

गळतीचं आणखी एक आहे. हा सर्वांत हलका रेणू, जिथून हवा निसटणार नाही तिथून हा निसटतो. हवेत गेलेला हायड्रोजन स्वतः उष्णता धरत नाही, पण मिथेनचं आयुष्य वाढवतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या अकरा पट तापवतो असं अलीकडचं शास्त्र सांगतं. तेव्हा लांबलांब नळ्या टाकून गावोगाव फिरवण्याचा हा वायूच नव्हे. जिथे लागतो तिथेच करावा, भिंतीपलीकडे वापरावा.

माझं मागणं मोठं नाही. जानेवारी २०२४ मध्ये राज्याने हरित हायड्रोजनसाठी पावणेतीन लाख कोटींच्या घरातले करार केले. त्यातल्या, आणि पुढे येणाऱ्या, प्रत्येक प्रकल्पाचं एक पान महाऊर्जाच्या संकेतस्थळावर टाका. त्यावर लिहा : वीज कुठून येणार आणि रात्री काय करणार, तासातासाच्या हिशेबाने. पाणी कुठल्या स्रोतातून, रोज किती, आणि दुष्काळी वर्षात कुणाच्या आधी तोडणार. हायड्रोजन कोण विकत घेणार, आणि त्यामुळे आजचा कुठला गॅसचा हायड्रोजन बंद होणार. शेवटच्या रकान्यात नाव नसेल तर सवलत थांबवा. शेगडी आणि बसची सवलत काढून खताला आणि रिफायनरीला द्या. यासाठी नवा कायदा लागणार नाही, धोरणात दुरुस्तीचा एक शासन निर्णय पुरेल.

मेहुण्याच्या गावात पेरण्या उरकल्या की पांढरी गाडी पुन्हा येणार आहे. कागद तयार आहेत, फक्त सह्या राहिल्यात. कराराच्या मसुद्यात मी पाहिलं, जमिनीचे गट नंबर आहेत, भाडं आहे, तीस वर्षं आहेत. पाण्याबद्दल एक ओळ नाही. तो कारखाना कुणाला हायड्रोजन विकणार तेही नाही. त्याला मी काय सांगू, एवढं कळवावं.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त शिफ्ट इनचार्ज, अमोनिया प्लांट